यंत्र जुनं झालं की सॉफ्टवेअर?

विंगमध्ये कुणाचा पीसी बंद पडला की आपण सगळे धावतो, रात्र जागवतो. पण नवा कॉम्प्युटर घेतला म्हणून एखादं धडधाकट उपकरण चालेनासं झालं, तर हेच आपण 'जुनं झालं, नवीन घ्या' असं सांगून मोकळे होतो. भावी इंजिनियरांच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घरचंच देतो. माझे काका तळ्यात फोटो स्टुडिओ चालवतात. (तळ्यात म्हणजे पाण्यात नव्हे! रायगड जिल्ह्यातलं तळा, तळगडाच्या पायथ्याचं.) लग्नाचा अल्बम ते कॉम्प्युटरवर रचतात आणि छापायला मुंबईला पाठवतात. स्क्रीनवर लालभडक दिसलेला शालू कागदावर विटकरी उतरला तर नवरीकडची मंडळी अल्बम परत आणून टेबलावर ठेवतात. छपाईचा खर्च काकांच्या अंगावर. म्हणून त्यांच्याकडे कलरीमीटर आहे. माउसएवढी वस्तू, यूएसबीला जोडून स्क्रीनवर टेकवायची. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, यंत्र तो मोजतं, आणि रंग किती चुकतो त्याची नोंद प्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये होते. त्यावरून पुढे रंग दुरुस्त होतात.

ऐन लग्नसराईच्या तोंडावर काकांनी विंडोज ११ असलेला कॉम्प्युटर घेतला आणि सॉफ्टवेअर म्हणालं, उपकरण सापडत नाही. कंपनीचं उत्तर एका ओळीचं : या मॉडेलचा सपोर्ट बंद, नवीन घ्यावे. आणि जुन्या कॉम्प्युटरला तेच यंत्र लावलं की मुकाट चालतंय!

कारण साधं आहे. २०२१ साली आलेलं विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर चढवूच देत नाही. मॅकवर तर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅमच चालत नाहीत. म्हणजे बिघाड ना यंत्रात, ना वायरमध्ये. नवा ड्रायव्हर लिहायचा नाही, हा कुणाच्या तरी ऑफिसातला निर्णय.

मग आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. दोष यंत्राचा की सॉफ्टवेअरचा, याचा निकाल लावायला यासारखा दुसरा उपाय नाही. तिथे आर्गिल सीएमएस नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेम गिल यांनी ते लिहिलं आहे आणि उत्पादन बंद झालेली कितीतरी मीटर त्याला ओळखता येतात. काकांचं यंत्रही ओळखलं. विंडोजवर मात्र त्याचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि तो टाकला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला यंत्र दिसत नाही, हे लक्षात ठेवा. जुनी सीडीही फेकू नका बरं का! काही मीटरचं फर्मवेअरच त्या सीडीतून काढावं लागतं.

खुलं सॉफ्टवेअर अमर असतं असं नाही. आर्गिलला सोपा चेहरा देणारं डिस्प्लेकॅल पायथन २ वर होतं. त्या पायथनचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि मूळ डिस्प्लेकॅलही थांबलं. पण कोड उघडा होता, म्हणून दुसऱ्यांनी ते पायथन ३ वर आणलं. बंद पेटीतल्या ड्रायव्हरला असा वारस मिळत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

पुढची डोकेदुखी वेगळी. प्रोफाइल बनलं, पण संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी! ते नाईट लाइटचं काम निघालं. लॅपटॉपवर बॅटरी वाचवायला ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्वतःच उजेड कमीजास्त करतो, तेही बंद करावं लागतं. शिवाय जुनी मीटर ट्यूबच्या बॅकलाइटच्या काळातली. एलईडीच्या पांढऱ्या उजेडाचा स्पेक्ट्रम निराळा, त्यामुळे फिल्टर फसतात. आमचा पांढरा आधी गुलाबी आला. पॅनेलच्या जातीप्रमाणे करेक्शनची फाइल निवडल्यावर जागेवर बसला. फिल्टर वयानुसार उतरतातही, तेव्हा 'नवीन घ्या' हे कधीकधी खरंच योग्य असतं. पण मग कंपनीने फिल्टर उतरलाय असं सांगावं. ड्रायव्हर लिहायचा कंटाळा आणि यंत्राचं म्हातारपण एका पोत्यात भरू नये.

आपण प्रॅक्टिकलला मापनयंत्रांचं कॅलिब्रेशन शिकतो, व्हायवात त्याची व्याख्या पाठ म्हणतो. पण कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये जा, एका कोपऱ्यात एक्सपीवाला पीसी झाकून ठेवलेला दिसेल, कारण एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच्यावरच चालतो. तो पीसी गेला की कार्डही गेलं. खरेदीचं कोटेशन मागवतानाच सरांनी एक ओळ घालावी : हे लिनक्सवर चालतं का, आणि सपोर्ट बंद केलात तर ड्रायव्हरचा कोड देणार का? विक्रेता गडबडेल, गडबडू दे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काकांचं मीटर चार दिवस हॉस्टेलवर आणतोय. आपल्या अंकाचं कव्हर ज्या कॉम्प्युटरवर होतं तो आधी, मग ज्याला हवा त्याचा लॅपटॉप. स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून आणा, आणि नाईट लाइट बंद करून!