सासूबाईंच्या ट्रंकेतली कार्डे
पनवेलच्या एक भगिनी लिहितात, "सासूबाईंना त्यांच्या वडिलांची १९४४ची कार्डे सापडली. शिक्क्यावर गावच नाही! 'बाबा होते तरी कुठे?' म्हणून त्या रोज विचारतात."

अहो, गाव मुद्दामच नसे. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून नुसते 'एफ. पी. ओ.' आणि आकडा! शिवाय हे टपालघर फौजेबरोबर हिंडे. इजिप्तमधला आकडा पुढे इटलीत भेटतो. म्हणून आकडा, तारीख, पलटण तिन्ही उतरवून घ्या. टपाल-संग्राहकांच्या छापील याद्यांत त्यावरून ठिकाण सापडते. आपल्याच जिल्ह्यातले यशवंत घाडगे मराठा पलटणीतून लढताना १० जुलै १९४४ला इटलीत पडले; पण तेवढ्यावरून सासूबाईंना 'इटली' सांगून मोकळ्या होऊ नका. सेन्सॉरचा शिक्का वेगळा, बरं का! आणि ओलं बोट मुळीच फिरवू नका. खिडकीशी बसून भिंगातून वाचा.