स्टेडियमबाहेरची अंगतपंगत महागली

मिसिसिपी विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक लेन किफिन यांनी ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संघाचा निरोप घेतला आणि शेजारच्या लुइझियाना राज्य विद्यापीठाची नोकरी पत्करली. संघ अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा असताना, सरदाराने ऐन लढाईत गोट बदलावा तसा हा प्रकार होता. तीन आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, मिसिसिपीतील ऑक्सफर्ड या छोट्या गावात टुलेन विद्यापीठाविरुद्धचा बाद फेरीचा सामना झाला आणि यजमान संघाने तो सहज जिंकला. प्रशिक्षक गेला, संघ राहिला. आणि संघापेक्षाही ठामपणे राहिला तो त्याच्यामागचा कुटुंबांचा गोतावळा. या गोतावळ्याला गृहीत धरूनच अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा अब्जावधी डॉलरचा व्यवहार उभा आहे. आता मात्र त्या गृहीतकाचीच परीक्षा सुरू झाली आहे.

आपल्याकडे महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धा म्हटले की रिकामी मैदाने आणि खेळाडूंचे चार मित्र डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत चित्र अगदी उलटे आहे. तेथील (पायाने कमी आणि हाताने जास्त खेळल्या जाणाऱ्या) फुटबॉलसाठी एक लाखाहून अधिक आसनांची आठ स्टेडियम विद्यापीठांच्या मालकीची आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ इतकी आहे. व्यावसायिक एनएफएलमधील एकाही संघाच्या स्टेडियमची नियमित आसनसंख्या लाखापर्यंत पोहोचत नाही. यातील बरीच विद्यापीठे लहान गावांत आहेत. सामन्याच्या शनिवारी गावाच्या लोकसंख्येहून अधिक माणसे तेथे उतरतात आणि खेळ सुरू होण्यापूर्वी कित्येक तास आधी उतरतात. या मधल्या तासांत जे घडते त्याला ‘टेलगेटिंग’ म्हणतात.

टेलगेट म्हणजे गाडीचा मागचा फाळका. तो खाली पाडायचा, त्याचेच टेबल करायचे, शेजारी शेगडी पेटवायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि घरून आणलेले पदार्थ सगळ्यांनी मिळून खायचे, एवढाच या प्रथेचा मूळ विधी. तिचा उगम कोठला, याविषयी अमेरिकेत भरपूर दंतकथा आहेत. कोणी यादवी युद्धातील १८६१ ची बुल रनची लढाई पाहायला शिदोऱ्या घेऊन आलेल्या वॉशिंग्टनकरांपर्यंत मागे जातो, तर कोणी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेल्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यापर्यंत. या कथांपेक्षा मोटारीचा प्रसार हे कारण अधिक पटणारे आहे. गावापासून दूर राहणारा माजी विद्यार्थी बायकामुलांसह आपल्या गाडीने येऊ लागला, त्याला लवकर निघावे लागे आणि स्टेडियमजवळ एवढ्या लोकांना जेवू घालील असे हॉटेल नसे.

गरजेतून निघालेल्या या शिदोरीला प्रत्येक प्रांताने आपापली चव दिली. लुइझियानात बॅटन रूजला मोठमोठ्या पातेल्यांत जांबालाया शिजतो, गंबोचा वास सुटतो आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्याला आधी चिडवून नंतर आग्रहाने वाढले जाते. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वंशजांचे ब्राटवुर्स्ट निखाऱ्यांवर असते. टेनेसी विद्यापीठाचे स्टेडियम नदीकाठी आहे. जॉर्ज मूनी या समालोचकाने १९६२ साली वाहतुकीला कंटाळून आपली होडी तेथे आणली आणि त्यातून नौकांचा एक ताफाच उभा राहिला. साउथ कॅरोलायनात १९९० पासून स्टेडियमलगतच्या वापरात नसलेल्या रुळांवर मालगाडीच्या गार्डचे २२ डबे उभे आहेत; ते खासगी मालकीचे असून आतून दिवाणखान्यासारखे सजवलेले आहेत.

या साऱ्यांचा मुकुटमणी मात्र ऑक्सफर्डची ‘द ग्रोव्ह’ ही दहा एकरांची वनराई. ओक वृक्षांखाली तंबूला तंबू लागलेले, तंबूत पांढरे टेबलक्लॉथ, चांदीची भांडी आणि चक्क झुंबरेही. पुरुष टाय लावतात, तरुणी ठेवणीतले कपडे घालतात. गंमत अशी की, देशातील या सर्वात नावाजलेल्या टेलगेटिंगमध्ये गाडीच नाही. १९९१ मध्ये पावसाने चिखल झाला तेव्हा वनराईत मोटारींना मज्जाव करण्यात आला आणि तो कायम राहिला. फाळका गेला, पंगत उरली.

या पंगतीतील अन्नाइतकीच महत्त्वाची असते ती जागा. अमुक रांगेतील तमुक झाडाखाली आजोबांच्या काळापासून याच घराचा तंबू लागतो, हे आजूबाजूच्या सर्वांना ठाऊक असते. कायद्याच्या भाषेत ही मालकी नव्हे. पण कोकणातल्या माणसाला ‘वहिवाट’ या एका शब्दात ती कळेल. शेजारच्या तंबूतली माणसे वर्षातून सहा-सात शनिवारीच भेटतात, तरी त्यांना एकमेकांच्या घरातील बारशांची आणि मृत्यूंची खबर असते. मांस कोणी भाजायचे, गोड कोणी आणायचे, बर्फाच्या पेट्या कोणी उचलायच्या याच्या वाटण्या ठरलेल्या असतात, आणि मुलगा प्रथम शेगडीजवळ उभा राहतो तो दिवस घरात लक्षात ठेवला जातो. हंगामाच्या तिकिटांचे दरवर्षी नूतनीकरण करण्याचा हक्क हा या साऱ्याचा आर्थिक पाया. तो हक्क मुलांकडे जावा म्हणून मृत्युपत्रात तरतूद होते आणि घटस्फोटात घराबरोबर तिकिटांवरूनही वकील भांडतात.

या कौटुंबिक चित्रावर सोनेरी मुलामा देताना एक गोष्ट विसरता येत नाही. ग्रोव्हला लागून असलेल्या लायसियम इमारतीसमोर १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली होती आणि त्यात दोघांचा बळी गेला होता. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा झेंडा त्यानंतरही कितीतरी वर्षे या संघाच्या सामन्यांत फडकत राहिला. १९९७ मध्ये विद्यापीठाने स्टेडियममध्ये काठ्या आणण्यावर बंदी घातली. बंदी काठीवर होती, झेंड्यावर नव्हती. पण काठीविना झेंडे हळूहळू ओसरले. म्हणजे ‘आजोबांपासूनची जागा’ हे शब्द प्रत्येक कुटुंबाला सारख्या अर्थाने उच्चारता येत नव्हते. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांनी आपली वेगळी परंपरा उभी केली. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या विद्यापीठांच्या न्यू ऑर्लिन्समधील ‘बायू क्लासिक’ सामन्याला घरेच्या घरे लोटतात. तेथे मध्यंतरात वाद्यवृंदांची जुगलबंदी असते आणि अनेकांच्या लेखी तोच खरा सामना.

अशी ही परंपरा आज अडचणीत आली, त्याची सुरुवात १९८४ मध्ये झाली. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन क्रीडासंस्था ‘एनसीएए’ची सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील मक्तेदारी मोडली. विद्यापीठांचे गट, म्हणजे ‘कॉन्फरन्स’, आपापले हक्क विकू लागले. ‘बिग टेन’ गटाने २०२२ मध्ये केलेला करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. एवढा पैसा देणारा सामन्याची वेळही ठरवतो. कित्येक सामन्यांची वेळ बारा दिवस आधी, कधी अवघे सहा दिवस आधी जाहीर होते. पूर्व किनाऱ्यावरील दुपारी बाराचा सामना मध्य भागात सकाळी अकराला सुरू होतो. म्हणजे तीनशे किलोमीटरवरून येणाऱ्या कुटुंबाने मध्यरात्री घर सोडायचे आणि भल्या पहाटे निखारे फुलवायचे. स्टेडियमबाहेरचा दिवस आता घरी बसून पाहणाऱ्याच्या सोयीने आखला जातो.

पैशाच्या याच ओढीने भूगोलही विस्कटला. पॅसिफिक किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या गटातून २०२४ मध्ये दहा बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे आता ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये आहेत, हा विनोद नाही. बसने वा गाडीने गाठता येणारे प्रतिस्पर्धी गेले आणि विमानाने गाठावे लागणारे आले. शेगडी आणि पातेली विमानात घालता येत नाहीत. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील सामना १९१० पासून दरवर्षी होत होता. ओक्लाहोमाने गट बदलला आणि २०२३ नंतर तो थांबला. एकाच घरात भाऊ या बाजूला आणि बहीण त्या बाजूला, अशा कुटुंबांचा तो वार्षिक मेळावा होता. उलट टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ पासून बंद पडलेला सामना गटबदलांमुळेच २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला, हेही नोंदवायला हवे.

आता प्रश्न खेळाडूंच्या मोबदल्याचा. इतकी वर्षे हे खेळाडू ‘हौशी’ म्हणवले जात. शिष्यवृत्ती सोडली तर त्यांच्या हाती काही पडत नसे आणि प्रशिक्षक मात्र त्यांच्या घामावर कोट्यधीश होत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या ढोंगाला पहिला मोठा धक्का दिला. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मान्य केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई मिळायची आहे, आणि प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षात खेळाडूंना थेट सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत देता येतील असे ठरले. हा न्याय उशिराने झाला, पण तो न्यायच आहे. पंगत महागली म्हणून खेळाडूंना बोल लावणारे माजी विद्यार्थी सोयीस्कर विस्मरणाचे बळी आहेत.

बिल कोणाकडे पाठवायचे, हे मात्र विद्यापीठांनी ठरवले. टेनेसी विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर केले की, पुढील वर्षापासून हंगामाच्या तिकिटावर दहा टक्के ‘गुणवत्ता शुल्क’ लागेल. होडीतून येणाऱ्यांच्या नातवंडांना ते चुकलेले नाही. तिकिटाआधी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला देणगी देण्याची पद्धत जुनीच आहे. देणगी जितकी मोठी, तितकी पार्किंगची जागा स्टेडियमच्या जवळ. या देणगीच्या ऐंशी टक्के रकमेवर मिळणारी करसवलत २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून काढून घेतली, त्यामुळे तोच भार आणखी जड झाला. वहिवाटीची जागा हळूहळू लिलावाची जागा होत चालली आहे.

पैसाच नाही, असे म्हणणाऱ्या विद्यापीठांचे दुसरे हिशेबही पाहावेत. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे लागत होते. लुइझियानाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन केली यांना दूर केले, तेव्हा करारातील शिल्लक रक्कम होती सुमारे ५.४ कोटी डॉलर. त्यानंतर पाच आठवड्यांतच याच विद्यापीठाने किफिन यांना मिसिसिपीतून उचलून आणले. एका प्रशिक्षकाला काम न करण्यासाठी दिलेली ही रक्कम खेळाडूंच्या वार्षिक वाट्याच्या अडीचपटीहून अधिक भरते. तिकिटावरील शुल्काला खेळाडूंच्या ‘गुणवत्ते’चे नाव देणाऱ्यांनी प्रशिक्षकांच्या नावाचेही एक शुल्क लावले असते तर हिशेब निदान स्वच्छ झाला असता.

शेगडी पेटवणाऱ्यांच्या सवयीही बदलत आहेत. तंबू, खुर्च्या, टीव्ही, जेवण असे सारे आयते पुरवणारे कंत्राटदार आता विद्यापीठांच्या आवारात दिसतात. पैसे मोजले की सामन्याच्या सकाळी तंबू तयार आणि संध्याकाळी पसारा उचललेला. वृद्ध दांपत्यांना ही सोय वाटते आणि त्यात चूक काही नाही. पण पातेले उचलायला आणि खुंट्या ठोकायला जी तरुण मंडळी लागत, त्यांचे तेथील काम संपले की येण्याचे एक निमित्तही संपते. दक्षिणेतील प्रमुख गटाने २०१९ मध्ये स्टेडियमभर मद्यविक्रीची परवानगी दिली, त्यामागेही गर्दीने बाहेर रेंगाळण्याऐवजी आत यावे आणि आतच खर्च करावा हे गणित होते.

अमेरिकी विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना हा प्रकार पहिल्याच सत्रात भेटतो. खेळाचे नियम कळायला हंगाम जातो, पंगतीचे नियम मात्र अर्ध्या तासात कळतात. अनोळखी कुटुंब हातात ताटली देते, शाकाहारी आहे म्हटल्यावर मक्याची भाजलेली कणसे पुढे करते. पदवी घेऊन तेथेच स्थिरावलेल्यांपैकी काहींची मुले आता त्याच विद्यापीठांत आहेत. त्यांनी पिढीजात जागा मिळवायच्या आत त्या जागेचे दर कोठे पोहोचतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे.

जॉर्जिया आणि फ्लोरिडा या विद्यापीठांचा सामना दरवर्षी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरात, दोघांच्याही घरापासून दूर होतो. सामन्याच्या कितीतरी दिवस आधीपासून फिरती घरे घेऊन कुटुंबे तेथे मुक्काम ठोकतात. या सामन्याला मिळालेले ‘जगातील सर्वात मोठी उघड्यावरची मद्यपार्टी’ हे टोपणनाव विद्यापीठांना इतके झोंबले की २००६ मध्ये ते वापरू नये अशी विनंती प्रक्षेपण कंपन्यांना करण्यात आली. लोकांनी ते सोडले नाही. जॅक्सनव्हिलच्या स्टेडियमचे नूतनीकरण व्हायचे असल्याने २०२६ चा सामना अटलांटात आणि २०२७ चा टॅम्पात घेण्याचे ठरले. दोन्ही महानगरे आहेत आणि अटलांटाचे स्टेडियम तर शहराच्या मध्यवस्तीत. २०२८ मध्ये सामना जॅक्सनव्हिलला परतेल तेव्हा फिरत्या घरांच्या त्या जुन्या रांगेत किती जण आपल्या नेहमीच्या जागी उभे असतील आणि त्या जागेसाठी त्यांना काय मोजावे लागेल, याची चर्चा तेथील शेगड्यांभोवती केव्हाच सुरू झाली आहे.