साखळी-वही आणि तराजूचा काटा



गेल्या काही वर्षांत आपल्या पेढ्यांवर एक नवा शब्द येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘ब्लॉकचेन’. शिकून आलेली तरुण मंडळी सांगतात की, ही संगणकाची वही एकदा बाजारात आली म्हणजे आडत्या, मापाडी व दलाल यांच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरणार नाही. वहीच सर्वांची साक्षीदार होईल. वडीलधारी मंडळी यावर मान हलवितात आणि म्हणतात की, बासनात गुंडाळलेल्या वह्यांवर तीन पिढ्यांचा व्यापार चालला, आता हे नवे लोढणे कशाला? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म धान्याच्या पोत्यांत गेलेला. तरीही या विषयावर जे वाचले व विचारले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही वही आहे तरी काय, ते पाहू. आपल्या रोजमेळात एक पान संपले की, त्याची बाकी आपण पुढच्या पानाच्या शिरावर आणतो. मागील पानावर कोणी खाडाखोड केली, तर पुढील बाकी जुळत नाही आणि मुनीम लबाडी पकडतो. साखळी-वहीचे तत्त्व याच जातीचे आहे. एका पानावरील सर्व अक्षरे व अंक यांचे गणित करून संगणक एक ठरावीक लांबीची खूण काढतो. तिला ‘हॅश’ म्हणतात. आपण तिला ठसा म्हणू. हा ठसा पुढच्या पानात लिहिला जातो, त्या पानाचा ठसा त्याच्या पुढच्या पानात, अशी साखळी बनते. जुन्या पानावरील एक अंक जरी बदलला, तरी तेथून पुढचे सर्व ठसे चुकतात. शिवाय या वहीच्या प्रती अनेकांकडे असतात. एकट्याने आपली प्रत बदलून भागत नाही. कागदपत्रांवर असा ठसा ओवण्याची युक्ती स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टोर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडली, आणि सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या कोणा अज्ञाताने २००८ मध्ये तिच्या आधारे बिटकॉइन या चलनाची योजना प्रसिद्ध केली. चलनाच्या सट्ट्याशी आपणांस कर्तव्य नाही. वहीशी मात्र आहे.

या वहीचा उपयोग खरा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानदार कंपनीने आंब्याच्या फोडींचे एक पाकीट घेऊन ते कोणत्या शेतातून आले, याचा शोध घेण्यास आपल्या माणसांना सांगितले. जुन्या कागदपत्रांवरून तो शोध लागण्यास ६ दिवस, १८ तास व २६ मिनिटे लागली. पुढे आयबीएमच्या साह्याने हीच माहिती साखळी-वहीत ठेवून पाहिली, तेव्हा तोच शोध २.२ सेकंदांत लागला. नासका माल बाजारातून तत्काळ काढून घ्यावयाचा असेल, तर या वेगाचे मोल केवढे आहे, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

वडीलधाऱ्यांची क्षमा मागून आणखीही एक गोष्ट सांगतो. न बदलणाऱ्या वहीला आपल्या व्यवसायात जो विरोध होतो, तो सगळाच परंपरेच्या प्रेमापोटी होतो असे नाही. एक वही अधिकाऱ्याला दाखविण्याची व दुसरी गादीखालची, ही रीत आपल्या व्यवसायात मुळीच नव्हती, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्याला खाडाखोडीची सोय हवी, त्याला ही वही अडचणीचीच वाटणार. तिचे भय बाळगण्याचे प्रामाणिक व्यापाऱ्यास कारण नाही.

परंतु तरुण मंडळी येथूनच एक पाऊल पुढे टाकतात आणि तेथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. लिहिलेले बदलता येत नाही, म्हणून लिहिलेले खरे आहे, असे ते धरून चालतात. या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. खोटे वजन एकदा या वहीत चढले की, ते खोटेच राहते. इतकेच की, आता ते पुसताही येत नाही.

याचे दोन दाखले देतो. अमेरिकेत न्यूजर्सी प्रांतातील बेयॉन येथे टिनो डी अँजेलिस नावाचा तेलाचा व्यापारी होता. त्याच्या टाक्यांतील सोयाबीन तेलावर गोदाम-पावत्या निघत आणि त्या पावत्यांवर मोठमोठ्या संस्था कर्जे देत. पावत्या देणारी कंपनी अमेरिकन एक्स्प्रेससारख्या नामांकित घराची होती. १९६३ मध्ये बिंग फुटले, तेव्हा कित्येक टाक्यांत खाली पाणी आणि वर तेलाचा थर, असा प्रकार निघाला. नुकसान १५ कोटी डॉलरहून अधिक झाले. सगळ्याच पावत्यांचा कागद खोटा नव्हता. खोटी होती ती टाकीत सोडलेली मोजकाठी वाचण्याची रीत.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे आणि बरोबर ५० वर्षांनंतरचा आहे. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर धान्य, साखर, एरंडी अशा मालाचे सौदे संगणकाच्या पडद्यावर होत. रीत अशी की, दोन दिवसांत मिळावयाचा माल घ्यावयाचा आणि त्याच वेळी तोच माल पंचवीस दिवसांनी देण्याच्या कराराने विकावयाचा. मधला फरक म्हणजे घरबसल्या व्याज. ३१ जुलै २०१३ रोजी सौदे बंद पडले. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. पडद्यावर प्रत्येक सौद्याची नोंद होती, वेळ होती, रक्कम होती. गोदामे उघडून पाहू लागले, तेव्हा पावतीवरचा माल पुष्कळ ठिकाणी जागेवर नव्हता. या बाजारात साखळी-वही असती तर काय झाले असते? नसलेल्या पोत्यांची नोंद अधिक पक्की झाली असती, एवढेच. पोती मोजण्यास संगणक गोदामात जात नाही, माणूस जातो. तो मोजतो की नुसती सही करतो, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या आचार्यांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी, ज्यांना श्वेतांबर परंपरेत उमास्वाती म्हणतात, श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, हा सत्यव्रताचा अतिचार गणला आहे. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे माप, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्या मालात हलक्याची भेसळ, हे अचौर्यव्रताचे अतिचार आहेत. लेखातील खोटेपणा आणि मालातील खोटेपणा निरनिराळ्या व्रतांखाली ठेवले आहेत, हे व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. साखळी-वही कूटलेखाच्या एका प्रकाराला, म्हणजे मागाहून केलेल्या फेरफाराला, आळा घालते. माप व भेसळ या दोहोंपर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

धान्यात हे चुकले तर पैसा जातो. औषधात चुकले तर जीव जातो. आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० प्रमुख नाममुद्रांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे सक्तीचे झाले आहे. फोन समोर धरला की, उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत कळते. ही सोय उत्तम आहे आणि घरातील स्त्रीपुरुषांनी ती वापरण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तथापि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, हे विसरता येत नाही. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. त्या बाटलीवर नाव होते, बॅच क्रमांक होता, मुदतही होती. त्या क्रमांकामुळेच माल कोठून आला हे कळले व तो बाजारातून काढता आला. नोंदीचे हे श्रेय तिला द्यावे. पण कढईत काय पडले, हे ज्या घडीला कोणी तपासावयास हवे होते, ती घडी निघून गेली होती. नोंदीने अपराधी सापडला. मुले परत आली नाहीत.

औषधाच्या अनुषंगाने आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले असून रुग्णाचे कागद त्याच्या एका क्रमांकाशी जोडण्याची व्यवस्था होत आहे. गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याला परगावच्या डॉक्टरापुढे जुने कागद तत्काळ मिळणे, हा लाभ मोठा आहे. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेस कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले, हेही घडले आहे. दुसऱ्याचे गुपित फोडणे, साकारमंत्रभेद, हाही सत्यव्रताचा अतिचारच आहे. न पुसणाऱ्या वहीत कोणाच्या आजाराचे गुपित उघडे लिहिले गेले, तर ते जन्मभर उघडेच राहील. एस्टोनिया या छोट्या देशाने २०१६ पासून जी रीत अवलंबिली, ती मला शहाणपणाची वाटते. तेथे रोग्याचा कागद निराळा सुरक्षित ठेवतात आणि त्यात फेरफार झाला का, हे पाहण्यासाठी त्याचा केवळ ठसा साखळीत घालतात.

मग वही कोणाची, हा प्रश्न उरतो. २०१८ मध्ये मर्स्क ही जहाज कंपनी व आयबीएम यांनी जगभरच्या जहाजी मालासाठी ट्रेडलेन्स नावाची साखळी-वही काढली. ती २०२३ च्या प्रारंभी बंद झाली. सर्व व्यवसायाचे पुरेसे सहकार्य लाभले नाही, असे चालकांनीच जाहीर केले. यात मला नवल वाटत नाही. आपल्या मालाची, गिऱ्हाइकाची व भावाची नोंद प्रतिस्पर्ध्याच्या पेढीवरील वहीत कोण खुशीने करील? यंत्र कितीही चांगले असो, वहीचा मालक पंच नसेल, तर बाजार तिच्याकडे पाठ फिरवितो.

आता आपल्या यार्डाकडे वळू. कर्नाटकात २०१४ पासून बाजार समित्यांतील लिलाव संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले आणि १४ एप्रिल २०१६ पासून ई-नाम ही अखिल भारतीय व्यवस्था आली. फाटकात माल आला की त्याला लॉट क्रमांक मिळतो, बोली पडद्यावर लागते. परंतु ढीग स्वतः हातात घेऊन पाहिल्यावाचून आपल्यापैकी किती जण बोली लावतात? हैदराबादच्या किंवा इंदूरच्या व्यापाऱ्याने बेळगावच्या ढिगावर न पाहता बोली लावावी, ही या व्यवस्थेची खरी कसोटी आहे. ओलावा किती, खडा-माती किती, दाणा फुटका किती, हे सांगणाऱ्या कागदावर त्याचा विश्वास बसला, तरच तो बोली लावील. ही पत यंत्र विकत घेऊन येत नाही.

म्हणून संघापुढे माझी विनंती अशी आहे. साखळी-वहीचा विचार अवश्य व्हावा, पण त्यापूर्वी व त्याहून अधिक खर्च तराजूपाशी व्हावा. माल उतरताच ओलावामापक यंत्राने व चाळणीने त्याची तपासणी व्हावी. प्रत्येक लॉटचे तीन मोहोरबंद नमुने काढावेत : एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, एक संघाचा. तपासणाऱ्याचे व मापाड्याचे नाव त्या नोंदीत असावे, म्हणजे शब्दाला धनी राहील. तपासणाऱ्याचा पगार विकणाऱ्याने देऊ नये व घेणाऱ्यानेही देऊ नये. पोत्यामागे अल्प वर्गणी घेऊन तो संघाने द्यावा. गोदामातील पोती परगावच्या सभासदांनी वर्षातून दोनदा न कळविता मोजावीत. आणि पुढे कोणत्याही सामाईक वहीत सामील व्हावयाचे झाल्यास, तिच्या कारभारात शेतकरी, व्यापारी व बाजार समिती या तिघांचा हात असावा.

काही सभासद म्हणतील, हा आपल्यावरील अविश्वास आहे. मला तसे वाटत नाही. गिऱ्हाइक आज माणसापेक्षा यंत्रावर अधिक भरवसा ठेवू लागले आहे, याची कारणे आपण आपल्याच व्यवसायात शोधली पाहिजेत. ती शोधून दूर केली, तर वही कागदाची असो वा संगणकाची, तिच्यातील पहिल्या ओळीला जगात कोठेही किंमत येईल. न केली, तर आपले खोटे आपल्या नातवंडांनाही पुसता येणार नाही, अशी वही आपण स्वहस्ते विकत घेऊ.

तरुण सभासदांनी वही शिकवावी, वडीलधाऱ्यांनी तराजू शिकवावा आणि संघाने दोघांना एका ओसरीवर बसवावे, अशी माझी नम्र अपेक्षा आहे. इत्यलम्. जय जिनेंद्र.

— एक घाऊक धान्य व्यापारी, बेळगाव