पेशीला परिसर मिळाला, बाईचे काय?

स्तनातली गाठ काढल्यावर तिचे पुढे काय होते? ऑपरेशनला निघालेल्या बाईला हा प्रश्न सुचत नाही, तिला जिवाचा घोर असतो. पण आपल्या गटांनी तो विचारायला हवा, असे मला वाटते. गाठीचा तुकडा तपासणीला जातो, तसा कधी कधी संशोधनालाही जातो.

या संशोधनाला माझा विरोध नाही. २००३ साली मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, स्तनाच्या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यातल्या विशिष्ट प्रकारच्या शंभरेक पेशी उंदराच्या शरीरात नवी गाठ उभी करतात. बाकीच्या हजारो पेशींना ते जमत नाही. या झाल्या कर्करोगाच्या मूलपेशी. उपचारांनंतर रोग उलटतो तो यांच्यामुळे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

सपाट बशीत वाढवलेल्या पेशींना अन्न आणि औषध सारखेच मिळते. शरीरातल्या गाठीत तसे नसते. आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू कमी पोचतो, औषधही कमी पोचते. म्हणून आता पेशी मऊ जेलमध्ये किंवा द्रवात तरंगत ठेवून गोळ्यांसारख्या वाढवतात. हेच त्रिमितीय पेशीसंवर्धन. कॅलिफोर्नियात बर्कलीला काम करणाऱ्या मिना बिसेल या शास्त्रज्ञ बाईंनी हा विचार चिकाटीने लावून धरला. १९९७ साली त्यांच्या गटाने, पेशीला भोवतालच्या जाळ्याशी जोडणारे एक प्रथिन अडवले. तेव्हा जेलमधल्या कर्करोगी पेशी पुन्हा नीटस रचना करू लागल्या. जनुकांतले दोष मात्र तसेच होते!

बाईचे दुखणे तिच्या घरापासून, कामापासून, ताटातल्या अन्नापासून तोडून पाहू नका, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पेशीच्या बाबतीत शास्त्राला ते पटले. पण ती पेशी जिच्या अंगातून आली, ती बाई कुठे आहे?

१९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या काळ्या आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. 'हेला' नावाने त्या पेशी जगभर वाढल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षे लागली. एका कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ साली.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनासाठी नमुने घेताना समजावून संमती घ्यावी, असे ती सांगतात. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुढे केलेल्या कागदांवर घाबरलेल्या बाईने केलेली सही, किंवा उठवलेला अंगठा, याला मी संमती म्हणणार नाही.

संशोधनाचा कागद वेगळा हवा, बाईच्या भाषेत हवा, आणि तो तिला वाचून दाखवायला हवा. नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्या पेशींपासून कुणी पैसा कमावणार असेल, तर तेही सांगितले पाहिजे. आपल्या आरोग्य शिबिरांत स्तनांच्या तपासणीची माहिती आपण देतोच. त्याच बैठकीत हा कागदही वाचायला शिकवूया. औषध शोधायला बायका आपल्या पेशी आनंदाने देतील. मात्र आधी त्यांना विचारा.