टाकीतला तांबेरा

पाऊसकाळ सरला, वाटा सुकल्या, आणि चार महिने गोठ्याच्या कडेला पोत्याखाली उभ्या असलेल्या मोटारसायकली आता बाहेर निघतील. पाच-पंचवीस किका मारल्या की एखादी सुरू होईल, एखादी होणार नाही. जी सुरू होईल तीही फाट्यापर्यंत जाऊन आचके देईल नि बंद पडेल. मग माणूस म्हणतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आला." ते खरेच असते. पण तो कचरा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. त्याची हकिगत आधी सांगतो, मग उपाय.

आमची शंभर सीसीची जुनी गाडी एका वर्षी ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत छपरात उभी होती. टाकीत पाव भाग पेट्रोल तसेच राहिले. दसऱ्याला धुऊन-पुसून हार घातला, मिस्त्रीकडून कार्बोरेटर साफ करून आणला. चार दिवस गाडी झकास चालली. पाचव्या दिवशी बंद. पुन्हा साफ केला, पुन्हा आठवडाभरात तेच. तीनदा पैसे मोजले. आणि मग एका रात्री थोरल्या वहिनींना एकाएकी दम लागला. शेजारच्या गावाहून जीप आणायला मी गाडी काढली. ओढ्यापाशी पेट्रोल संपत आले म्हणून कॉक रिझर्व्हवर फिरवला, आणि शंभर पावलांत गाडी बंद पडली. काळोखात ती ढकलत गेलो. इकडे घरच्यांनी वाट पाहून ट्रॅक्टरवाल्याला उठवले, म्हणून वेळ निभावली. वहिनी बऱ्या झाल्या, पण त्या रात्रीचा दोष माझाच होता.

सकाळी टाकीचे झाकण काढून बॅटरी मारली. तळाला लालभडक थर. गव्हावर तांबेरा पडल्यावर हात लावला की बोटाला लागतो ना, तशी पूड. मी तीन वेळा कार्बोरेटर धुतला आणि घाण वर टाकीत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

हा गंज धरतो कसा, ते नीट ध्यानात घ्या. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या पोकळीत दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की आतून त्याला दव सुटते. शिवाय झाकणाभोवतीच्या खळग्यातले पावसाचे पाणी वाहून जायला बारीक भोक असते. ते मातीने बुजले आणि झाकणाचे रबर चिरलेले असले की पाणी आत झिरपते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसते, आणि तिथेच पत्रा खाते.

आता त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात विकले जाऊ लागले, आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळते. आपल्याच उसाच्या मळीपासून आणि मक्यापासून हे इथेनॉल होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याचा गुण असा, की ते पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला जातात. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा त्रास सहसा होत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीला होतो.

आणि रिझर्व्हवरच गाडी का दगा देते? कॉकला टाकीच्या आत एक उभी नळी असते. एरवी पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येते. रिझर्व्हवर फिरवला की ते अगदी तळाच्या भोकातून येते, म्हणजे साचलेले पाणी आणि गंज घेऊनच!

तेव्हा आधी टाकी, मग कार्बोरेटर. हा क्रम मोडू नका.

काम उघड्यावर करावे. विडी, चूल, कंदील जवळ नको. टाकीत डोकावताना काडी ओढायची नाही, बॅटरीच वापरायची. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचे नाही; कॉकखाली डबा धरला की ते आपोआप उतरते. मग टाकी सोडवून घ्यावी, कॉक आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा आतला तरंगा काढून घ्यावा. कपडे धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने दोनदा विसळून पेट्रोलचा वास घालवावा. सायकलची जुनी साखळी टोकाला तार बांधून आत सोडावी आणि टाकी सगळ्या बाजूंनी हलवावी. सुटा थर निघतो, आणि तारेमुळे साखळी परत हाती येते. वाळू घालू नका. ती पुरती कधीच निघत नाही.

खालची भोके रबर लावून बंद करावीत. किराणा दुकानातले लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्याला पन्नास ग्रॅम या मापाने कालवून टाकी काठोकाठ भरावी. झाकण लावू नका, आत वायू धरतो. बारा तासांनी पाहावे. गंज राहिला असेल तर आणखी बारा तास ठेवावे, त्याहून जास्त नको. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नका; ते गंजाबरोबर पत्राही खाते. मग बादलीभर पाण्यात दोन मुठी खाण्याचा सोडा घालून त्याने टाकी विसळावी, वर दोनदा स्वच्छ पाणी. यापुढे वेळ दवडायचा नाही, कारण उघडा पडलेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा लाल होतो. पाणी निथळून, कडक उन्हात ठेवून, सायकलच्या पंपाने हवा मारून टाकी खडखडीत वाळवावी. लगेच पेलाभर पेट्रोलमध्ये थोडे इंजिन ऑइल घालून आतून सगळीकडे फिरवावे आणि काढून टाकावे. काढलेले पाणी आणि तेल विहिरीकडे, गुरांच्या वाटेवर किंवा चुलीत जाता कामा नये.

गंज काढल्यावर टाकी गळू लागली, तर गंजाने आधीच भोक पाडले होते असे समजा. ती वेल्डिंगला नेऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वाफ असते, आणि तिचा भडका उडून माणूस जायबंदी होतो. टाकी बदलावी हे बरे.

आता कार्बोरेटर. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो मुलांच्या मोबाइलवर काढून ठेवा आणि सुटे भाग परातीत ओळीने मांडा. (परात स्वयंपाकाची नको, नाहीतर घरात वेगळाच भडका उडेल!) खालची वाटी उघडली की तळाशी लाल पूड किंवा राळेसारखा चिकटा दिसेल. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि हा चिकटा मागे राहतो. आत पितळेचे दोन जेट असतात. लहान जेट बुजला की गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि मंद चालीवर टिकत नाही. मोठा बुजला की उभी असताना ठीक वाटते, पण चढाला जोर धरत नाही. वाटीतून पेट्रोल बाहेर सांडत असेल तर तरंग्याच्या सुईखाली कचरा अडकला आहे, किंवा तरंगाच फुटला आहे. तरंगा कानाशी हलवून पाहा, आत पेट्रोल वाजले तर बदला.

जेट पेट्रोलने धुऊन पंपाने हवा मारावी आणि उजेडाकडे धरावे. भोक गोल नि स्वच्छ दिसले पाहिजे. सुई, टाचणी, बाभळीचा काटा यातले काही घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. फारच हट्टी कचरा असेल तर विजेच्या वायरीतला तांब्याचा एकच बारीक तंतू घ्यावा. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद टेकेपर्यंत आवळून किती फेरे बसले ते भिंतीवर खडूने लिहावे. बसवताना तेवढेच फेरे उलटे सोडावे. शेवटी कॉक आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या नळीत पेट्रोलची गाळणी बसवावी. थोड्या पैशांत होणारी वस्तू आहे, पण पुढचा त्रास तीच अडवते.

एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, आणि तेव्हापासूनच्या गाड्यांत सहसा कार्बोरेटर नसतो. पंपाने पेट्रोल फवारले जाते. तशी गाडी घरी खोलू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची झाली तर टाकी गच्च भरून ठेवा, झाकणाचे रबर बदला, आणि कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी राहील. पंधरा दिवसांतून एकदा तिला गावाबाहेर फिरवून आणा.

आणि हा अंक वाचून झाल्यावर आजच एक काम करा. कॉक रिझर्व्हवर फिरवून पेलाभर पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, चुलीपासून दूर, तासभर ठेवा. तळाला लाल पूड किंवा पाण्याचा वेगळा थर दिसला, तर येत्या बाजाराच्या दिवशी लिंबूसत्त्व आणा. रात्री-अपरात्री घरातल्या कोणासाठी तीच गाडी काढायची वेळ येते, आणि ती वेळ सांगून येत नाही.