नकाशा आणि भिंती

भूकंपाचा विषय निघाला, की आमची आजी म्हणते, "तज्ज्ञांना काय कळतंय!" तिचा राग अनाठायी नाही. किल्लारीला 1992 मध्येच धक्के बसू लागले होते. नकाशात मात्र तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात! 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3.56 ला, गणपती विसर्जन करून गावे झोपलेली असताना, तो नकाशा खोटा ठरला. 2002 साली तो बदलला. चूक दुरुस्त करणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवीन. ज्योतिषी कधी पंचांग दुरुस्त करतो काय? भूकंपाची वेळ कोणालाच सांगता येत नाही. पण दगडमातीच्या जड भिंती माणसे मारतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. ते आजीला कोणी येऊन सांगितले? ढोकीतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती अजून तशाच आहेत.