आंबा लावताय? घेर विचारून घ्या

मिरग बरसला की अमरावती-अकोल्याच्या रोपवाटिकांत आंब्याची कलमं न्यायला झुंबड उडते. पिशवीतलं कलम असतं हातभर, सगळ्या जातींचं सारखंच. तुम्ही गोडी विचारता, भाव पाडता. झाड पुढे किती पसरेल, हेही विचारा.

लंगडा जोमाने वाढतो आणि चहूकडे पसरतो. हापूसही मोठा, डेरेदार. गावरान आंब्याचं तर बोलायलाच नको. ही झाडं घराच्या भिंतीला किंवा विजेच्या तारेखाली लावू नका. धुऱ्यावर लावणार असाल तर शेजाऱ्याशी आधी बोला. उद्या सावली त्याच्या कपाशीवर पडली की तो कुरकुरणारच, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

अंगण लहान असेल तर आम्रपाली घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलमच्या संकरातून ती काढली. झाड बुटकं, दरवर्षी फळ धरणारं. बागेत ती अडीच-अडीच मीटरवरही लावतात. थोराड जातींना दहा मीटर सोडावे लागतात. मल्लिकाही त्याच आईबापांची, पण अंगाने आम्रपालीहून मोठी. नावं गोड म्हणून दोघींना एकाच मापाने जागा देऊ नका. केसर पाच मीटरवर लावता येतो, मात्र दरवर्षी छाटणीची तयारी ठेवा.

छाटणी आंबे उतरवल्यावर लगेच करा, लांबवू नका. उशिराच्या कोवळ्या फुटीवर त्या वर्षी मोहोर येईलच असं नाही. आधी भर दुपारी झाडाखाली उभे राहा. जमिनीवर कवडसे दिसत नसतील तर आत दाटी झाली आहे. अशा दाटीत तुडतुड्यांना आणि भुरीला फावतं. मधली एखादी उभी फांदी काढा, कापल्या जागी बोर्डो मलम लावा.

पश्चिमेच्या फांद्या कापताना मात्र हात आखडता घ्या. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. तिकडची सावली गेली की खोडाची साल भाजते, फळंही करपतात. बाहेरची पुस्तकं वाचून कोणी झाड पार उघडं करायला सांगितलं, तरी आपलं ऊन आधी आठवा.

आणखी एक. कलमाच्या सांध्याखालून फूट आली तर दिसताक्षणी खुडा. ती खालच्या गावरान खुंटाची असते. दोन-तीन वर्षं तशीच राहू दिली तर आम्रपाली दबते, आणि दोन खाटांच्या अंगणात गावरान आंबा माजतो.